एका दमात पनवेल

गाडी सुरू करण्याआधी दादूस बॉनेटवर थाप मारायचे आणि म्हणायचे, “चल गो, दमू नको.” मग आमच्याकडे बघून, “आयकते ती.” आता विजेवरची गाडी काय ऐकणार, कपाळ! पण तुम्ही समोर असता तर तुम्हीही मान हलवली असती.

पनवेलच्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना दादूस म्हणत. थोडी जमीन गेली, मोबदला आला आणि त्यांनी ती भलीमोठी, पॉश, बिनआवाजाची गाडी घेतली. मी साधा शाळामास्तर. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते सगळं मलाच सांगत. आता ते चिरनेरला बंगला बांधून राहायला गेलेत. खाली पार्किंग मोकळं दिसतं आणि मला करमत नाही. त्यांना सांगू नका, चढून बसतील.

गाडी त्यांनी का घेतली ते ऐका. शोरूममधला सेल्समन म्हणाला, “सर, हिची रेंज जबरदस्त आहे.” दादूसांचं उरलेलं शेत चिरनेरला, डोंगराखाली. तिथे मोबाइलवर एक काडी दिसेल तर शपथ. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, “चिरनेरला रेंज येल?”

“चिरनेर? आरामात, सर!”

झालं! दोघेही खूश. पहिल्याच रविवारी दादूस शेताच्या बांधावर गाडीत काचा लावून बसले आणि कोल्हापूरला लेकीला फोन लावू लागले. कुठला लागतोय! दुसऱ्या दिवशी मला साक्षीदार म्हणून घेऊन शोरूमवर गेले. “यवरी मोठी गाडी, आनि एक फोन लागत नाय?” सेल्समन बिचारा घामाघूम झाला. रेंज म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती लांब जाते ते, हे त्याने पुन्हा पुन्हा समजावलं. दादूस उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, “मास्तर, मंग ती तरी खरी हाय का बगू.”

इथून माझी पीडा सुरू झाली. रोज संध्याकाळी गाडीतून मोरा जेट्टीपर्यंत चक्कर. एक दिवस एसी लावून, एक दिवस बंद ठेवून. एकदा टायरमध्ये हवा वाढवून. एकदा तर आरसे मिटून, वारा अडतो म्हणून! मागच्या ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि एवढं करून कंपनीचा आकडा आणि आमचा आकडा कधी जुळला असेल तर! दरवेळी आमचाच तोकडा. शेवटी दादूसांनी शोध लावला, “तुमची वयनी बसली का रेंज उतरते.” तो वहिनींनी ऐकला. त्या रात्री दादूस माझ्याकडे जेवले.

त्यांची एकुलती लेक, बाय, खारघरच्या कॉलेजात शिकताना कोल्हापूरचा मुलगा पसंत करून तिकडे नांदायला गेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातव्या महिन्यात आणायला जायचं ठरलं. व्याह्यांनी फोनवर चिमटा काढला, “काय पाव्हणं, तुमची ती ब्याटरी पनवेलपत्तूर टिकती व्हय?” दादूस फटकन बोलून गेले, “बायला घेऊन निंगलो का थेट पनवेल. एका दमात!”

वजन वाढू नये म्हणून वहिनींना घरी ठेवलं आणि मला नेलं. का, तर मी काटकुळा. वहिनींनी मला जिन्यात गाठलं. “मास्तर, याची अक्कल त्या आकड्यात गेली. तुमी पोरीकडं बगा. तिला त्रास नाय झाला पायजे.” मी हो म्हणालो.

जाताना साताऱ्याला आम्ही गुपचूप चार्जिंग केलं. ते कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ होती, ती आज मोडली. रात्री व्याह्यांच्या घरच्या प्लगला गाडी लावली. भार नको म्हणून त्यांचा गीझर बंद, मिक्सर बंद, आणि तरी सकाळी बघतो तर गाडी पूर्ण भरलीच नव्हती. दादूसांचा चेहरा पडला, पण व्याही दारात उभे. “चल गो, दमू नको!” म्हणत निघालो.

एसी बंद. वेग असा की उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, वर हात करून गेला. बाय मागे बसून डब्याच्या झाकणाने वारा घेत होती. मी म्हटलं, दादूस, चार्जिंगला थांबू. “पोचते वो मास्तर!” व्याह्यांचे फोन चालूच. “कुठवर आला? थांबला न्हाई न्हवं?” दादूस छाती फुगवून सांगत, “नाय नाय!” मला असा राग आला होता की चालत्या गाडीतून उतरावं. तसं जमलंही असतं, वेग तेवढाच होता.

पुणं जवळ आलं आणि मागून बारीक आवाज आला, “बाबा, मना कसंतरी होतंय.”

दादूसांनी आरशात पाहिलं. पोरगी घामाने निथळत होती, ओठ पांढरे. त्यांनी एसीचं बटण असं दाबलं की मला वाटलं ते आता आतच जाणार. पडद्यावरची रेंज आमच्या डोळ्यांदेखत भराभर उतरली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “हिच्या येळंला हिची आई रेतीच्या ट्रकात बसून गेलती दवाखान्यान. खड्डा आला का माजा जीव जायचा. हिला तसं नको म्हनून घेतली ही गाडी, आनि मी काय करून बसलो, मास्तर?” डोळे भरले होते त्यांचे.

पुढच्याच हॉटेलच्या आवारात चार्जर होता. गाडी जोडली, आत एसी चालू ठेवला. बायने सरबत घेतलं, चेहऱ्यावर रंग आला, आणि ती मागच्या सीटवर आडवी होऊन गाढ झोपली. आम्ही दोघे बाहेर रणरणत्या उन्हात.

गाडी भरली. मागे एक गाडी येऊन थांबली. “काका, फुल झाली तुमची. काढा की आता.”

दादूसांनी चक्क हात जोडले. “पोर झोपलीय वो. सातवा महिना हाय.”

त्या माणसाने आत डोकावून पाहिलं आणि तो चहा प्यायला निघून गेला.

तेवढ्यात फोन वाजला. फोनमधून व्याह्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, “काय पाव्हणं, थांबला का काय?”

“थांबलो,” दादूस कुजबुजले. “हरलो. आता ठेवा, बाय उठल.”

फोन बंद करून ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिथून ऊन नेमकं बायच्या तोंडावर येत होतं. काचेला पाठ लावून ते उभे राहिले, ती उठेपर्यंत.