वाचले, समजले

तांडेलकाका हातात येईल त्या कागदावर ‘वाचले, समजले’ असं लिहून खाली सही ठोकायचे. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर मुलीचं प्रगतिपुस्तक. कळव्याच्या खाडीत होडी चालवणारा, चौथी शिकलेला माणूस. अक्षर मात्र मोत्यासारखं आणि सहीच्या शेवटी लांबलचक शेपटी. त्या अक्षराचा त्यांना कोण अभिमान!

खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरांना ते दोनदा आडवे गेले. दोनदा मारामारीचे गुन्हे लागले आणि मग खटला न चालवताच वर्षभर डांबून ठेवण्याचा आदेश निघाला: इसम धोकादायक. सोबतची सत्तर पानं इंग्रजीत. कायद्याने ती त्यांना कळणाऱ्या भाषेत द्यायला हवी होती. मी त्यांची वकील, तेव्हा नवीकोरी. ‘बेकायदा डांबलेल्या माणसाला सोडा’ असा अर्ज मी हायकोर्टात केला आणि काकांना छातीठोकपणे सांगितलं, महिन्याभरात घरी जाल. सरकारी वकिलांनी फक्त शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे ते मोत्यासारखं अक्षर होतं. अर्ज फेटाळला गेला.

तुरुंगात भेटायला गेले ती भांडायच्याच तयारीने. “काका, एक अक्षर कळत नव्हतं, मग लिहिलंत कशाला?”

जाळीपलीकडे ते ओशाळून हसले. “बाय, त्यो कागद देनारा साहेब अर्धा तास समजावत व्हता. घाम आलेला त्याला. नाय समजला असा त्याच्या तोंडावर कसा सांगू?”

खरा राग माझा मलाच आला होता. ते पान मी तरी कुठे नीट पाहिलं होतं!

आम्ही दिल्लीला अपील केलं. तारखा पडत गेल्या आणि वर्ष सरत चाललं. “वरीस सरला का सोरतीलच गो,” काका म्हणायचे. “पन पोरीला शालंत गुंडाची पोर म्हनतान. कोर्टानी लिवून दिला पायजे, ह्याला चुकीचा धरला.” तेवढंच हवं होतं त्यांना. ते वर्षाच्या आत मिळायला हवं, हे मला माहीत होतं. त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

तुरुंगातून खाडी दिसत नसे. तरी बोलता बोलता ते नाक वर करून म्हणत, “भरती लागली.” एकदा परतताना कळव्याच्या पुलावर मी मुद्दाम थांबून पाहिलं, तर खरंच पाणी चढत होतं. पुढच्या भेटीत कौतुकाने सांगितलं, तर खूश व्हायचं सोडून म्हणाले, “होडी कोन काढतंय आता?”

वर्ष संपलं, काका सुटले. पंधरा दिवसांनी अपील सुनावणीला आलं आणि दोन मिनिटांत निकाली निघालं. माणूस सुटला आहे, आता ठरवण्यासारखं काही उरलं नाही.

निकालाची प्रत घ्यायला ते कोपरीच्या माझ्या ऑफिसात आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी त्यांना तो मराठीत सांगितला. दोनदा सांगितला.

“मंग मना धरला तो बरोबर का चूक?”

“ते कोर्टाने सांगितलंच नाही, काका.”

प्रत मिळाल्याची सही हवी होती. त्यांनी पेन घेतलं, ‘वाचले’ लिहिलं आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मला मान वर करवेना.

“बाय, तू वाईट नको वाटून घेव,” ते म्हणाले आणि पुढे लिहिलं, ‘समजले नाही.’

खाली सही केली. शेपटी काढली नाही.