तलवारीची अक्षरं

पेठेत माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे, आणि त्या एका अक्षराचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. जाड, काळंकुट्ट, प्रत्येक वळण मोडून टोकदार केलेलं जुन्या युरोपातलं अक्षर. इंग्रजी पेपरच्या नावात असतं, गाडीच्या टाकीवर असतं, पोरांच्या दंडावर गोंदलेलं असतं. आमच्याकडं त्याला तलवारीची अक्षरं म्हणतात. मराठीत मनासारखं मिळेना, म्हणून तिरक्या टाकानं कागदावर काढून काढून मीच ते देवनागरीत बसवलं. तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर पाठभर एकच शब्द छापला. खोटं कशाला बोलू, लई रुबाबदार दिसला, मी हरखून गेले.

तिथनं डोक्याला ताप सुरू झाला. वाढदिवस असो, बारसं असो, अगदी हळदीकुंकू असो, सगळ्यांना तेच अक्षर पाहिजे. हे लांबनं बघायचं अक्षर आहे, एखाददुसऱ्या शब्दापुरतं, त्यात मजकूर लिहायचा नसतो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ऐकतंय कोण?

मग तालमीचे वस्ताद वारले. पेठेत कुणी गेलं की रक्षाविसर्जनाची वेळ तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहायची आणि लोकांनी जाता-येता वाचायची, अशी पद्धत. घरोघरी कुणी सांगत फिरत नाही. तालमीचे अध्यक्ष म्हणाले, वस्तादांना काय खडूनं लिहायचं? फळ्यावर काळा फ्लेक्स लावू, त्याच अक्षरात. फोटो एकुलता एक, तोही पुसट, म्हणून नुसतीच अक्षरं. निदान वेळ तरी साधी टाकूया म्हटलं, तर मॅचिंग होत नाही म्हणे. मी वाद घातला आणि शेवटी वैतागून दिलं करून. का दिलं, याचा माझा मलाच संताप येतो.

रक्षाविसर्जन सकाळी आठला होतं. वस्तादांचे लहानपणापासूनचे जोडीदार, ऐंशीला टेकलेले, अंदाजानं नऊला पंचगंगेवर पोचले. रक्षा केव्हाच नदीत गेली होती. घाटावर ओळखीचं कुणी उरलं नव्हतं.

दुपारी ते दुकानात आले. भांडायला आलेत असं वाटलं, तर ते चष्म्याचं दुकान कुठं आहे विचारत होते.

"दोनदा फळ्याम्होरं हुबा ऱ्हायलो," ते म्हणाले. "एक आकडा लागंना. वाटलं, डोळं गेलं आपलं. लाज वाटली, म्हणून कुणाला इचारलं न्हाय."

म्हटलं, आजोबा, तुमचे डोळे चांगले आहेत, ते अक्षरच वाचण्याजोगं नाही, मीच केलंय ते, चूक माझी.

त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. माझीच समजूत घालायला लागले.

"असं कसं, पोरी? छापल्यालं हाय म्हंजे बरोबरच असणार की."