सीट कव्हरच्या आतली पट्टी

मापबाईंच्या दुकानात कात्री लावण्याआधी माप दोनदा घेतलं जातं. गल्लीने त्यांना हे नाव दिलं ते त्यावरूनच. वय बेचाळीस. कागदावर दहा बाय बाराची खोली, दोन मशिनं, रस्त्याकडे उघडणारं शटर. पडदे, अभ्रे आणि गाड्यांची सीट कव्हरं त्या अकरा वर्षं इथेच शिवताहेत.

घटस्फोट झाला होता, वाटणी राहिली होती. खोली दोघांच्या नावावर. ती विकून पैसे निम्मे करू, आपल्याकडे दुसरं आहेच काय, असं नवऱ्याचं म्हणणं. बाईंना खोलीच हवी होती. ती गेली तर मशिनं ठेवणार कुठे? नवऱ्याच्या भाड्याने चालणाऱ्या तीन व्हॅन होत्या; त्या तिन्ही वाटणीत धरल्या, तरच खोली त्यांच्या हिश्शात बसत होती.

कोर्टाने दोघांकडून मालमत्तेचं शपथपत्र मागितलं. बाईंनी पहिल्याच तारखेला दिलं, त्यात जुनी कात्रीसुद्धा लिहिली. नवरा एकदा आजारी पडला, एकदा त्याचे कागद सापडेनात. तिसऱ्या तारखेला शपथपत्र आलं, त्यात व्हॅन एकच. बाकी दोन गेल्या वर्षीच विकल्या म्हणे.

“ताई, आता तरी वकील कर,” धाकटी बहीण म्हणाली.

“त्याची फी भरायला खोलीच विकावी लागेल.”

बाईंनी स्वतः अर्ज लिहिला. अकरा पानं, लग्नाच्या दिवसापासून. कोर्टातल्या मदत खिडकीवरच्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवून ती चाळली.

“बाई, यात सासूबाई आहेत, नणंद आहे. गाडी कुठेय?”

“खरं आहे ते सगळं.”

“असेल हो. पण कुठली वस्तू, कुठली तारीख, कागद कोणता, एवढंच विचारा. पडद्याचं माप घेताना गिऱ्हाइकाचा स्वभाव लिहिता का तुम्ही?”

बाईंना हे पटलं. फक्त लावायला कागद नव्हता.

तो कागद पुढच्या मंगळवारी सकाळी आपणहून दुकानात चालत आला. नवऱ्याकडे बारा वर्षं नोकरीला असलेले ड्रायव्हरकाका काखेत उसवलेलं कव्हर घेऊन उभे होते.

“वहिनी, साहेब म्हणाले कुठूनही शिवून आण. पण तुमच्याशिवाय हे बसत नाही कुणाचं.”

बाईंनी कव्हर उलटं केलं. प्रत्येक गाडीची सीट थोडी वेगळी, म्हणून त्या कव्हरच्या आत कापडाची पट्टी लावून तिच्यावर गाडीचे शेवटचे चार आकडे लाल दोऱ्याने घालतात. आकडे ‘विकलेल्या’ व्हॅनचे होते. व्हॅन दारातच उभी होती.

“गाडी कुणाकडे असते हल्ली?”

“कुणाकडे म्हणजे? साहेबांकडेच की. कारखान्याच्या रोज दोन फेऱ्या.”

बाईंनी शिवण घातली, पैसे घेतले. पावतीवर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून काकांची सही घेतली, सगळ्यांची घेतात तशीच. मग म्हणाल्या, “काका, हिची प्रत मी कोर्टात देणार आहे.”

काकांनी कव्हर पुन्हा काखेत मारलं. “सही केली ती केली. एवढी गाडी मी लपवू कुठे?”

नवा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. या व्हॅनच्या विक्रीचा कागद दाखवावा. सोबत पावतीची प्रत.

“घेणाऱ्याने शिवायला दिलं असेल,” नवरा न्यायाधीशांना म्हणाला.

“मग घेणाऱ्याचं नाव सांगा.”

नवऱ्याने नावाऐवजी पुढची तारीख मागितली. दोन आठवड्यांत नवीन शपथपत्र द्या, गाड्यांच्या नोंदणीच्या उताऱ्यांसकट, असा आदेश झाला. त्यात व्हॅन तीन निघाल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात नवऱ्याने त्यांना गाठलं. “माझ्याच गाडीचं कव्हर शिवून मलाच अडकवलंस?”

“शिवणावळ घेतली, पावती दिली. सगळ्यांनाच देते.”

वाटणीत गाड्या त्याच्याकडे राहिल्या, खोली बाईंकडे आली. करारनाम्याचा मसुदा कारकुनाने पुढे केला, तेव्हा बाईंनी तो सही न करता पिशवीत घातला. दुकानात जाऊन त्यांनी टेप धरली, एकदा आणि मग पुन्हा. बाराच्या जागी साडेअकरा फूट भरलं. दुसऱ्या दिवशी मसुद्यातला आकडा दुरुस्त करून घेतला आणि मगच सही केली.