पारूबाईंचा गळा फुटला म्हणजे काय झालं

मंडळी, मागच्या ई-मेलमध्ये मी लिहिलं होतं की शेळगावच्या पारूबाईंचा आवाज लग्नानंतर बिघडला. ते साफ चूक आहे.

गाण्यांसाठी मी घेतलेल्या मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, "सासरी आले आन् गळा फुटला." मी स्वतः गाणं घरीच, बाबांकडून शिकले. बाबांच्या तोंडी गळा फुटला म्हणजे आवाज खराब झाला. मी तोच अर्थ धरला, त्यांना विचारलं नाही, आणि वर सासूच्या जाचाचा निष्कर्ष काढला.

तो मेल कुणीतरी छापून गावात वाचून दाखवला.

आज शेळगावला गेले तर पारूबाई म्हणाल्या, "अगं, कोंब फुटतो तसा गळा फुटला! आत्याबाईंनीच मला खुरपताना त्यांच्यासंगं गायला लावलं."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई; त्या ओट्यावरच बसल्या होत्या. "सुनेचा गळा फोडणारी म्हणून नाव केलंस माजं. आता मी गात न्हाय, आन् तिनंबी गायचं न्हाय."

पारूबाई नुसत्या रडत होत्या.

बारामतीला घरी परत आल्यापासून मला काही सुचत नाही. गेलेला मेल परत कसा घ्यायचा? तुमच्यापैकी कुणी असं काही निस्तरलं आहे का?

एवढं मात्र ठरवलं आहे: ही दुरुस्ती मी गावात, सगळ्यांसमोर वाचणार आहे. येत्या रविवारी.