पाय टेकला तर

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी रविवारी ट्रेनमध्ये सायकल चढवून फ्रान्सच्या हद्दीत जातात. मीही बरोबर असतो. तिथे द्राक्षमळ्यांतून जंगलाकडे चढत जाणारी खडीची वाट आहे. वहिनींचा नियम एकच: चढावर पाय जमिनीला टेकला, की पुन्हा पायथ्यापासून सुरुवात. चढताना त्या कुणाशी बोलत नाहीत, फक्त स्वतःशीच जर्मनमध्ये "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत पेडल मारतात. खिशातलं थालीपीठ माथा आल्याशिवाय बाहेर निघत नाही.

परवा शेवटच्या वळणावर माझं चाक घसरलं आणि मी खडीत आडवा झालो. त्या थांबल्या, मला उठवलं, गुडघ्याला पट्टी बांधली. माथा समोर दिसत होता. त्यांनी मात्र सायकल खाली वळवली.

"अहो वहिनी, माझ्यासाठी थांबलात ना? हे कशाला धरायचं?"

"टेकला तो टेकला, भावजी."

ही जिद्द की हेका? मला रागच आला. मी तिथेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने लालबुंद चेहऱ्याने त्या वर आल्या आणि चढता चढता पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या, तेही न थांबता.

"आल्झो, मग बसलात काय? तुमचे तर दोन्ही पाय टेकलेत."