मोठ्या बाईंची खुर्ची

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवत होते. आमच्याकडे मुख्याध्यापिकेला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने पुण्याला गेल्या आणि सेवाज्येष्ठतेनं चार्ज माझ्याकडे आला. आदेशात लिहिलं होतं, ‘पुढील आदेश होईपर्यंत तात्पुरता कार्यभार’. हेडक्लार्क मला इन-चार्ज म्हणायचे, पत्रांवर मी प्रभारी होते आणि घरी नवरा विचारायचा, ‘‘काय हंगामी सरकार, आमटीत मीठ घालायचं की वरून मंजुरी यायचीय?’’

हसू यायचं, पण चुकीचं नव्हतं ते. आमच्या शाळेत एक रीतच होती. प्रभारीनं मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसायचं नाही, टेबलाच्या कडेला लाकडी खुर्ची टाकून बसायचं. सही करायची ती ‘मुख्याध्यापिका करिता’ या शिक्क्याच्या वर. हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘बाई, इन-चार्जनं रोजचं काम बघायचं. वेगळं काही निघालं की थांबायचं.’’ मला ते सोयीचंच वाटलं, हे आज कबूल करते. मान मिळत होता आणि डोक्याला ताप नव्हता.

जुलै संपत आला होता. आठवडाभर पाऊस लागून राहिलेला. साडेअकराला शिपाईमामा ओल्या कपड्यांनीच आत आले. ‘‘बाई, पंचगंगेचं पाणी रस्त्याला लागाय आलंय. पलीकडं साडेबाराची गाडी जाणार, ती शेवटची म्हणत्यात.’’

नदीपलीकडच्या गावांतून आमच्याकडे एकवीस मुली येत. शाळा सोडायची तर मध्येच सुट्टीची घंटा द्यावी लागणार आणि ती मोठ्या बाईंच्या हुकमाशिवाय वाजत नसे. मी हेडक्लार्ककडे पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘‘गेल्या साली शेजारच्या शाळेत एका प्रभारींनी अशीच सुट्टी दिली, मेमो हातात पडला. ट्रंक कॉल लावा पुण्याला.’’ मी अर्जंट कॉल नोंदवला.

तेवढ्यात नववीतली एक मुलगी दारात आली. वेणीतून पाणी गळत होतं. ‘‘बाई, मला एकटीला तरी सोडा. आई घरात एकलीच हाय. पाय मोडलाय तिचा, पलास्तर हाय, खाटंवरनं उठता येत न्हाय. बा ट्रकवर गेलाय.’’

घर कुठं, मी विचारलं. पलीकडच्या गावात, नदीच्या अगदी अंगाला, ओढ्याकाठी. मागच्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

‘‘थांब हं, फोन येऊ दे,’’ मी म्हणाले.

ती थांबली. दाराला टेकून, माझ्याकडे बघत. बारा वाजले. मी एक्सचेंजला पुन्हा फोन केला, लाइन बिझी. सव्वाबारा झाले. शिपाईमामा घंटेखाली हातोडा हातात घेऊन उभे होते आणि खिडकीतून नुसते बघत होते. टेबलापलीकडे ती रिकामी खुर्ची होती आणि मला तिची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. गाडीची वेळ झाली, टळली. मुलगी दारातच खाली बसली.

पाऊण वाजता फोन आला. मोठ्या बाईंचा आवाज लांबून येत होता. मी सगळं सांगितलं. खरखरीतून त्या ओरडल्याच, ‘‘अगं, मला काय विचारतेस? तिथं तू आहेस ना!’’

घंटा झाली. पलीकडच्या मुली स्टँडवर पळाल्या आणि तासाभरानं चिंब भिजून परत आल्या. रस्ता बंद झाला होता.

शहरातल्या शिक्षिकांनी दोन-दोन, तीन-तीन मुली घरी नेल्या. ती नववीतली माझ्याकडे आली. तीन दिवस ताटावर बसायची, चार घास चिवडायची, उठायची. ‘‘गावातले लोक बघतील गं आईकडे,’’ मी म्हणायचे. ती उठून खिडकीशी जायची. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. शाळा भरायच्या वेळेला दारात ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली. गवताच्या पेंढ्यांवर एक बाई बसली होती. पायाचं प्लॅस्टर भिजून लोंबत होतं. जीव वाचला होता तिचा. मुलगी धावत जाऊन ट्रॉलीवर चढली.

‘‘हितल्या मोठ्या बाई कोण?’’ त्या बाईनं वरूनच विचारलं.

हेडक्लार्क पुढे झाले. ‘‘मोठ्या बाई रजेवर आहेत. या नुसत्या प्रभारी...’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.

तिनं मला नीट पाहून घेतलं. ‘‘पाणी खाटंला लागंस्तवर मी एकली हाका मारत हुतो. कुणाला ऐकू जाईना. तिन्हीसांजंला शेजारच्यांनी कौलं काढून वर वडली. पोरगी असती तर दुपारीच कुणालातरी बोलवून आणलं असतं की तिनं.’’

हेडक्लार्कनी शाळेच्या लॉगबुकात उशिराचं कारण आधीच लिहून ठेवलं होतं, ‘वरिष्ठांचा आदेश वेळेत न मिळाल्याने’. तेच वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

‘‘चुकलं माझं. मी सोडायला हवं होतं तिला,’’ मी म्हणाले.

त्या बाईनं लेकीला जवळ ओढलं. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाला बोल लावायचा, त्येच कळंना हुतं.’’

ट्रॉली गेली. मी आत येऊन लॉगबुकातलं ते वाक्य खोडलं, त्याच्याखाली ‘मी मुलींना वेळेत सोडले नाही’ असं लिहिलं आणि शिक्का न मारता सही केली. ती मुलगी पुढे दोन वर्षं शाळेत होती. पुन्हा कधी तिनं माझ्याकडे सुट्टी मागितली नाही.