संग्रहालयाला न दिलेली मोटार

साऱ्या सोलापुरात 'विश्रांती' हा शब्द ज्यांना शिवीसारखा लागे असे एकच गृहस्थ होते, आणि ते आमचे घरमालक होते. वय चौऱ्याहत्तर, त्यांची काळी विलायती मोटार त्यांच्याहून बरीच लहान, पण तितकीच हट्टी. यंत्र वापराने झिजते, असे मी शाळेत वीस वर्षे शिकवीत होतो. त्यांचा सिद्धान्त नेमका उलट होता : "झिजतंय ते बसून, मास्तर. मानूस काय, मोटार काय." म्हणून रोज सकाळी ते आधी बॉनेटवर आणि मग स्वतःच्या कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढीत, हँडल मारीत, आणि गाडी सुरू होईपर्यंत तिला कन्नडात रागावत, सुरू झाली की मराठीत लाडावत. बहात्तरच्या दुष्काळात आम्हां भाडेकरूंना पाणी एक वेळ मिळे, रेडिएटरला दोन वेळा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात घरमालकांच्या हौशी मोटारमालक मंडळाची सहल एका जुन्या संस्थानाच्या मोटारखान्याला निघाली. त्याचे आता संग्रहालय झाले होते. घरमालकांच्या शेजारच्या सीटवर मीही होतो. सहलीचा खरा हेतू मंडळाच्या अध्यक्षांनी मला आदल्या दिवशी सांगितला. ते डोळ्यांचे डॉक्टर होते. घरमालकांची दृष्टी मंदावत चालली होती, 'आता गाडी पुरे' अशी पुण्याहून त्यांच्या मुलांची पत्रे आली होती, आणि गाडी संग्रहालयाला देण्यास त्यांचे मन वळवायचे होते.

तेथे पोहोचताच घरमालकांनी सावली शोधली आणि गाडी थेट पडवीत, जुन्या बग्ग्यांच्या शेजारी, लावली. आम्ही आतल्या मोटारी पाहून परतलो, तो पहारेकऱ्याने तिच्याभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी टांगलेली, आणि दोन बायका तिच्याकडे भक्तिभावाने पाहत असलेल्या!

"अरे, इंजिन अजून गरम हाय की!" घरमालक गरजले.

"आजोबा, दोरीच्या भाईर व्हा," पहारेकरी म्हणाला. "जुनी वस्तू हाय. मोडली म्हंजे?"

"जुनी कोन? ती का मी?"

"दोगं बी."

डॉक्टरांनी संधी साधली. "आप्पा, शोभते हो तिला ही जागा. इथं तिला काही होणार नाही."

"त्येच म्हनतो मी," आप्पा म्हणाले. "हितं तिला कायबी हुनार न्हाय. कदीच."

त्यांनी दोरी सोडली, तिची व्यवस्थित घडी करून पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि हँडल मारले. "बसा, मास्तर." परतताना मंडळाच्या सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. डावीकडे बैलगाडी, समोर म्हशी, पुढे वळण : तो संपूर्ण रस्ता मी त्यांना मोठ्याने वाचून दाखविला.

पुढल्या वर्षी, मी ओरडून सांगूनही एक म्हैस त्यांना दिसली नाही. म्हशीला काही झाले नाही. पण आप्पांनी त्याच आठवड्यात गाडी मंद्रूपच्या एका बागायतदाराला देऊन टाकली. अट एकच : दर बाजाराला ती निघालीच पाहिजे.

आता आप्पा नाहीत. परवा मंद्रूपच्या बाजारात ती दिसली. मागच्या सीटवर कांद्याची पोती, टपावर कोंबड्यांचे खुराडे, दारांपर्यंत चिखल. मुलांना स्वच्छतेचे धडे देण्यात माझा जन्म गेला; पण तो चिखल कोणी पुसू नये, असेच मला सारखे वाटत राहिले.